वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीचा स्टिअरिंग कॉलम

जुन्या गाड्यांची पुनर्बांधणी करणाऱ्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी स्टिअरिंग कॉलमच्या (म्हणजे स्टिअरिंगच्या चाकापासून खाली जाणारा शाफ्ट आणि त्याभोवतीची नळी यांच्या) बसवणीविषयीची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण त्यातील तपासणीचा क्रम पुढच्या बहुतेक प्रश्नांनाही लागू पडतो.

प्रश्न : माझी १९५० च्या दशकातील गाडी स्वतंत्र चासीची आहे. स्टिअरिंग बॉक्स (चाके वळवणारी दात्यांची पेटी) आणि कॉलम एकसंध असून बॉक्स चासीला, तर कॉलमचे वरचे टोक डॅशबोर्डखालच्या ब्रॅकेटला बसते. रंगकामासाठी बॉडी उतरवली होती. ती नवीन रबरांवर पुन्हा चढवल्यापासून स्टिअरिंग जड लागते आणि वळण घेतल्यावर चाके आपोआप सरळ होत नाहीत. किंगपिनला (पुढचे चाक ज्या उभ्या खिळीवर वळते तिला) ग्रीस भरले, टायरमधील हवा तपासली, तरी फरक पडला नाही. बॉक्स उघडून त्याचे ॲडजस्टमेंट सैल करावे काय?

उत्तर : बॉक्सला इतक्यात हात लावू नका. बॉडी उतरवण्यापूर्वी स्टिअरिंग हलके होते आणि चढवल्यानंतर जड झाले, याचा सरळ अर्थ असा की बॉडी आणि चासी यांचे परस्परांशी असलेले स्थान बदलले आहे. तुमच्या गाडीत कॉलमचे खालचे टोक चासीला आणि वरचे टोक बॉडीला बांधलेले आहे. जुनी, दबून पातळ झालेली रबरे काढून पूर्ण जाडीची नवी रबरे घातली की बॉडी काही मिलिमीटर वर उचलली जाते, आणि तिच्याबरोबर डॅशबोर्डचे ब्रॅकेटही वर जाते. बोल्ट आवळताना कॉलम त्या ब्रॅकेटकडे ओढला जातो आणि तेवढा वाकून ताणलेल्या स्थितीत बसतो. बाहेरची नळी वाकली की आतला शाफ्ट वरच्या बुशवर (त्याला आधार देणाऱ्या कड्यावर) एका बाजूने घासू लागतो आणि बॉक्समधील बेअरिंगवरही तिरका भार येतो. चाके सरळ आणणारा जोर कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) आणि किंगपिनचा आतल्या बाजूचा कल यांतून निर्माण होतो. कॉलममधील घर्षण त्या जोरापेक्षा जास्त झाले की चाके वळलेल्या स्थितीतच राहतात. तुमच्या गाडीची दोन्ही लक्षणे याच एका कारणातून आलेली असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.

खात्री करून घेण्याचा मार्ग सोपा आहे. पुढची चाके जॅकवर उचला आणि ड्रॉप आर्मला (बॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्याला) जोडलेला रॉड सोडवा, म्हणजे हाताला फक्त बॉक्स आणि कॉलम यांचाच भार जाणवेल. रॉड जोडलेला असताना किंगपिन, बॉल जॉइंट आणि टायर यांचे सगळे घर्षण एकत्र मिसळते आणि दोष कोठे आहे ते कळत नाही. रॉड सुटा झाल्यावर स्टिअरिंग सावकाश फिरवून पाहा, परंतु ते दोन्ही टोकांवर आपटू देऊ नका, कारण चाकांकडील थांबे आता काम करत नाहीत आणि धक्का थेट बॉक्सच्या आतल्या भागांना बसतो. त्यानंतर कॉलमवर नजर ठेवून डॅशबोर्डच्या ब्रॅकेटचे बोल्ट हळूहळू सैल करा. बोल्ट सुटताच कॉलम एखाद्या बाजूला उसळला, तर तो ज्या दिशेने आणि जितका सरकला तितका ताण त्याच्यावर होता. हे अंतर मोजून लिहून ठेवा. आता स्टिअरिंग हलके फिरू लागले असेल, तर निदान पक्के झाले. अजूनही जड असेल, तर बॉक्सचे चासीवरील बोल्ट सैल करून पुन्हा फिरवून पाहा. तेव्हा हलके झाले, तर बॉक्सची बैठक सपाट नाही. दोन्हीकडे सैल करूनही जडपणा तसाच राहिला, तरच बॉक्सचे ॲडजस्टमेंट किंवा वाकलेला शाफ्ट यांच्याकडे वळावे.

आता बसवणीचा क्रम. बॉडीचे सर्व बोल्ट पूर्ण आवळलेले असावेत आणि गाडी सपाट जमिनीवर स्वतःच्या चाकांवर उभी असावी, कारण जॅकवर किंवा स्टँडवर ठेवलेली चासी थोडी वेगळ्या आकारात असते आणि तेथे जुळवलेला कॉलम गाडी खाली आल्यावर पुन्हा ताणला जाऊ शकतो. बॉक्सचे बोल्ट आणि ब्रॅकेटचे बोल्ट केवळ हाताने लागतील इतकेच लावा. स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काही वेळा फिरवा, म्हणजे कॉलम स्वतःची जागा शोधेल. त्यानंतर प्रथम बॉक्सचे बोल्ट आवळा आणि ब्रॅकेटकडे पाहा. कॉलमची नळी ब्रॅकेटच्या खोबणीत आपसूक, कोणताही जोर न लावता मधोमध टेकली पाहिजे. खालून वर हाच क्रम हवा. आधी ब्रॅकेट आवळले आणि मग बॉक्स, तर ताण डोळ्यांआड होतो, पण नाहीसा होत नाही.

बहुतेक गाड्यांत ब्रॅकेटची भोके लांबट असतात आणि त्यांतून थोडीफार हालचाल मिळते. ब्रॅकेट आणि डॅशबोर्ड यांच्यामध्ये फट राहत असेल, तर ती पोलादी शिमने, म्हणजे पातळ पट्टीने, भरावी. बोल्ट आवळून ती मिटवू नये. फरक मोठा असेल, तर शिम बॉक्सखाली घालावी लागते आणि तेथे फार बारीक हिशेब लागतो. समजा, बॉक्सच्या दोन बोल्टांमध्ये १०० मिलिमीटर अंतर आहे आणि बॉक्सपासून ब्रॅकेटपर्यंत कॉलमची लांबी १००० मिलिमीटर आहे, तर एका बोल्टखाली घातलेली १ मिलिमीटरची शिम कॉलमचे वरचे टोक सुमारे १० मिलिमीटर सरकवते. म्हणजे ब्रॅकेटजवळ ५ मिलिमीटरचा फरक असेल, तर अर्ध्या मिलिमीटरची शिम पुरते. या जागी वॉशरची चळत घालण्याची सवय मला मुळीच मान्य नाही. वॉशर काठांवर दबतात, बैठक लहान होते आणि बॉक्ससारख्या सतत धक्के खाणाऱ्या भागाचे बोल्ट ढिले पडण्याची ती सुरुवात असते. शिम बॉक्सच्या पायाएवढी रुंद कापून घ्यावी. नव्या रंगकामानंतर हमखास दुर्लक्षित होणारी आणखी एक गोष्ट म्हणजे बॉक्सच्या बैठकीवरचा रंग. त्याचा जाड थर दाबाखाली चेपतो आणि काही दिवसांनी घट्ट आवळलेला बोल्टही सैल होतो. तेवढी जागा खरवडून धातू उघडा करा आणि गंज लागू नये म्हणून प्रायमरचा अगदी पातळ हात द्या.

वरचा बुश काढून पाहिलात, तर आणखी एक पुरावा मिळेल. बुशची झीज सर्व बाजूंनी सारखी असेल, तर ती वयाची झीज आहे. एकाच बाजूने तो खाल्ला गेला असेल, तर कॉलम कोणत्या दिशेला ओढला जात होता ते त्यावरून समजते. बुश बदलण्याआधी कॉलमची दिशा सुधारा, नाहीतर नवा बुशही त्याच बाजूने झिजेल.

हा ताण केवळ जडपणापुरता मर्यादित नाही. वाकलेल्या स्थितीत अडकलेला शाफ्ट प्रत्येक वळणावर फिरतो, तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर आळीपाळीने ताण आणि दाब येत राहतो. स्प्लाइनच्या (शाफ्टवर लांबीने कापलेल्या दात्यांच्या) मुळाशी किंवा आट्यांच्या शेवटी अशाच भारामुळे केसासारखी बारीक तडा जाऊ शकते. तुमच्या गाडीचा कॉलम बाहेर काढण्याची वेळ आलीच, तर या दोन जागा स्वच्छ पुसून भिंगाने जरूर पाहाव्यात.

प्रश्न : माझ्या गाडीला रॅक-पिनियन स्टिअरिंग (पिनियन हे लहान दातेरी चाक रॅक ही दातेरी पट्टी सरकवते) असून कॉलम आणि पिनियन यांच्यामध्ये एक युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोनात फिरू देणारा सांधा, आहे. रॅक बदलल्यापासून स्टिअरिंगच्या एका पूर्ण फेरीत दोनदा जड आणि दोनदा हलके लागते. जॉइंट नवा आहे. तो सदोष असेल काय?

उत्तर : जॉइंट सदोष आहे की नाही, हे तो काढून हातात घेतल्यावर लगेच कळते. एक बाजू धरून दुसरी सोडली, तर ती दोन्ही दिशांना स्वतःच्या वजनाने किंवा अगदी हलक्या बोटाने झुकली पाहिजे आणि मध्ये कोठेही अडखळता कामा नये. तशी ती झुकत असेल, तर दोष बसवणीत शोधावा.

कोनात फिरणाऱ्या साध्या युनिव्हर्सल जॉइंटचा एक अंगभूत गुण असा की एका बाजूने सारख्या वेगाने फिरवले, तरी दुसरी बाजू प्रत्येक फेरीत दोनदा वेगाने आणि दोनदा सावकाश फिरते. दोन शाफ्टांमध्ये १० अंशांचा कोन असेल, तर हा फरक दीड टक्क्याच्या आसपास असतो आणि हाताला कळतही नाही. २० अंशांवर तो वर-खाली सहा टक्क्यांपर्यंत जातो. ३० अंशांवर मात्र दुसरी बाजू एका क्षणी सुमारे १३ टक्के सावकाश, तर दुसऱ्या क्षणी सुमारे १५ टक्के वेगाने फिरते आणि मग जड-हलकेपणा स्पष्ट जाणवतो. म्हणून नवा रॅक जुन्याच्याच कोनात बसला आहे का, त्याखालच्या मूळ शिम परत घातल्या गेल्या का, हे प्रथम पाहा. रॅक काढताना शिम खाली पडतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही, असे फार वेळा होते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. युनिव्हर्सल जॉइंट कोन सहन करतो, परंतु सरक सहन करत नाही. कॉलमची मध्यरेषा आणि पिनियनची मध्यरेषा जॉइंटच्या बरोबर केंद्रबिंदूत एकमेकींना मिळाल्या पाहिजेत. त्या एकमेकींच्या शेजारून जात असतील, तर जॉइंट बसवताना दोन्ही शाफ्ट जबरदस्तीने ओढले जातात आणि पिनियनच्या बेअरिंगवर आडवा भार येतो. १९६२ मध्ये आलेल्या एमजीबी गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत यासाठी टोकदार मापकांची पद्धत दिलेली आहे. जॉइंट काढून कॉलमच्या आणि पिनियनच्या टोकांवर एकेक टोकदार मापक बसवायचे आणि दोन्हींची टोके एकमेकांना भिडतात का ते पाहायचे. भिडत नसतील, तर कॉलमचे ब्रॅकेट सैल करून जुळवायचे आणि तेवढ्याने भागले नाही, तर रॅकखाली शिम घालायच्या. असे मापक कोणत्याही लेथवर सहज तयार होते. एका बाजूला शाफ्टच्या मापाचे भोक आणि दुसऱ्या बाजूला बरोबर मध्यावर टोक, एवढीच त्याची रचना आहे. लांबी अशी ठेवावी की टोक जॉइंटच्या केंद्राच्या जागी येईल. डोळ्याने अंदाज घेण्यापेक्षा ही अर्ध्या दिवसाची मेहनत मी प्रत्येकाला आग्रहाने करायला सांगेन.

जुळणी झाल्यावर रॅक आणि कॉलम पूर्ण आवळा आणि मगच जॉइंट घाला. तो दोन्ही स्प्लाइनवर हाताने सरकला पाहिजे. क्लॅम्पचा बोल्ट स्प्लाइनला दिलेल्या खाचेतून आरपार जातो आणि क्लॅम्प सैल झाला, तरी जॉइंट निसटू देत नाही. बोल्ट हाताने आत जात नसेल, तर जॉइंट पुरेसा आत गेलेला नाही, असे समजावे. हातोडीने ठोकून बोल्ट घालू नये. नट स्वतः अडकून राहणाऱ्या प्रकारचे असावेत आणि ते नवेच घ्यावेत. शेवटी, कॉलमचा शाफ्ट जॉइंटला खाली दाबत तर नाही ना, हेही पाहा. हा दाब डोळ्यांना दिसत नाही आणि पिनियनचे बेअरिंग मात्र हळूहळू निकामी करतो.

काही गाड्यांत दोन जॉइंट असतात. तेथे पहिल्या जॉइंटमधील वेगाचा चढउतार दुसरा जॉइंट भरून काढतो, पण दोन अटींवर : दोन्हींचे कोन सारखे असावेत आणि मधल्या शाफ्टच्या दोन टोकांचे काटे योग्य जुळणीत असावेत. तिन्ही शाफ्ट एकाच प्रतलात असतील, तर हे दोन काटे समांतर येतात. स्प्लाइनवर काटा चुकीच्या दात्यावर बसला, तर चढउतार भरून निघण्याऐवजी वाढतो. म्हणून जॉइंट काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंना खुणा करून ठेवाव्यात.

प्रश्न : गाडी सरळ चालते, पण स्टिअरिंगचा आरा एका बाजूला झुकलेला राहतो. स्टिअरिंग काढून स्प्लाइनवर एक-दोन दाते सरकवून बसवले तर चालेल का?

उत्तर : आधी बॉक्स किंवा रॅक स्वतःच्या मध्यावर आहे का ते तपासा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंगच्या फेऱ्या मोजा आणि त्यांच्या निम्म्यावर आणून ठेवा. या स्थितीत चाके सरळ असतील आणि केवळ आरा तिरपा असेल, तर स्टिअरिंग काढून सरकवणे योग्य आहे. स्प्लाइनला ३६ दाते असतील, तर एका दात्याने १० अंशांचा फरक पडतो, म्हणून त्याहून लहान फरक या मार्गाने जाणार नाही. तो चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडवर, एक जितका लांब कराल तितकाच दुसरा आखूड करून काढावा, म्हणजे पुढच्या चाकांचा टो (वरून पाहिल्यास चाकांचा आत-बाहेर वळलेपणा) बदलत नाही.

मध्यावर आणल्यावर चाकेच वळलेली दिसत असतील, तर स्टिअरिंग सरकवणे म्हणजे दोष झाकणे आहे. जुन्या वर्म प्रकारच्या बॉक्समध्ये हे विशेष महत्त्वाचे आहे. अशा बॉक्सची आतली जुळणी मध्यावर सर्वांत घट्ट असते आणि टोकांकडे जाताना मुद्दाम सैल ठेवलेली असते. बॉक्स मध्यापासून बाजूला असताना गाडी सरळ चालत असेल, तर सरळ रस्त्यावर प्ले (स्टिअरिंगची मोकळी हालचाल) जाणवतो. तो घालवण्यासाठी ॲडजस्टमेंटचा स्क्रू आवळला, तर वळताना बॉक्स खऱ्या मध्यावरून जातो आणि तेथे अडकतो. हा अडथळा धोकादायक आहे, आणि तो चुकीच्या जागी काढलेल्या प्लेमधून निर्माण होतो. अशा वेळी टाय रॉड किंवा ड्रॅग रॉडची लांबी सुधारून बॉक्सचा मध्य आणि चाकांची सरळ स्थिती एकत्र आणावी, स्टिअरिंग त्यानंतर बसवावे आणि प्ले सर्वांत शेवटी तपासावा.

स्टिअरिंग उतरवताना पुलर वापरा. नट पूर्ण न काढता दोन-तीन आट्यांवर ठेवा, म्हणजे स्टिअरिंग एकदम सुटून तोंडावर येणार नाही. पुन्हा बसवताना सिग्नल परत आणणारा कॅम कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. तो कॉलमवर चुकीच्या ठिकाणी राहिला, तर एका बाजूचा सिग्नल वेळेआधी बंद होतो आणि दुसऱ्या बाजूचा बंद होतच नाही.

प्रश्न : कॉलमच्या खालच्या टोकाचे फाटलेले रबर कपलिंग बदलले. स्टिअरिंग उत्तम झाले, पण हॉर्न वाजेनासा झाला. या दोहोंचा संबंध आहे का?

उत्तर : आहे. अनेक जुन्या गाड्यांत हॉर्नचे बटण सर्किटची अर्थ बाजू कॉलमच्या शाफ्टमधून पूर्ण करते. रबर कपलिंगमधून वीज जात नाही, म्हणून त्याच्या दोन बाजूंना जोडणारी वेणीसारखी विणलेली तार मुळात दिलेली असते. तीच जोडायची राहिली असावी. एक सुटी तार शाफ्टला आणि बॉडीच्या उघड्या धातूला टेकवून बटण दाबा. हॉर्न वाजला, तर शंका मिटली. नवी तार लावताना ती कपलिंगच्या हालचालीला पुरेल इतकी सैल ठेवा आणि तिच्या टोकांखालचा रंग खरवडा.

प्रश्न : खड्ड्यातून जाताना कॉलमच्या वरच्या टोकाशी खडखड होते. तेथे नमद्याचा बुश आहे. त्याऐवजी नायलॉनचा घालावा का?

उत्तर : तुमच्या गाडीच्या मापाचा नायलॉन बुश मिळत असेल, तर जरूर घालावा. तो जास्त टिकतो. नमद्याचाच ठेवायचा असेल, तर तो बसवण्याआधी तेलात पूर्ण भिजू द्या आणि त्याची दोन टोके एकमेकांवर न चढता नुसती भिडतील असा कापा. कोरडा नमदा लवकर झिजतो.

प्रश्न : माझ्या १९७० च्या सुमाराच्या गाडीचा कॉलम स्प्लाइनवर पूर्ण आत जात नव्हता, म्हणून मिस्त्रींनी शाफ्टच्या वरच्या टोकावर लाकूड ठेवून हातोडीने ठोकला. तो बसला, पण आता स्टिअरिंग पूर्वीपेक्षा थोडे पुढे गेल्यासारखे वाटते. ब्रॅकेटही हलते, म्हणून तेथे जाड वॉशर घालून ते घट्ट करण्याचा विचार आहे.

उत्तर : कृपया तसे करू नका, आणि तपासणी होईपर्यंत ही गाडी चालवू नका. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून प्रवासी मोटारींच्या कॉलमविषयी सुरक्षेचे नियम लागू झाले. समोरून धडक झाली, तर चालकाच्या छातीवरील आघात कमी व्हावा आणि कॉलम मागे सरकून त्याच्यावर येऊ नये, हा त्यांचा हेतू होता. त्या सुमारापासून अनेक कारखान्यांनी धडकेत दुमडणारे कॉलम बसवले. त्यांचा शाफ्ट दोन तुकड्यांचा, एकात एक सरकणारा असतो आणि अनेक प्रकारांत ते तुकडे प्लॅस्टिकच्या छोट्या पिनांनी जागेवर धरलेले असतात. बाहेरची नळी काही गाड्यांत जाळीदार असते. हातोडीच्या धक्क्याने या पिना तुटतात. स्टिअरिंग पुढे गेल्यासारखे वाटणे हे बहुधा त्याचेच लक्षण आहे.

कॉलम बाहेर काढा आणि त्याची एकूण लांबी तुमच्या मॉडेलच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील मापाशी ताडून पाहा. लांबी कमी भरली, जाळी चेपलेली दिसली किंवा दोन तुकडे हाताने सरकू लागले, तर तो कॉलम बाद समजावा. शाफ्ट ओढून पुन्हा लांब करणे आणि त्याला वेल्डिंगचा टाका मारणे हा उपाय नव्हे, कारण तसा कॉलम धडकेत दुमडणार नाही आणि वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचे पोलाद कमकुवत झालेले असेल. ब्रॅकेटलाही हाच न्याय लागू आहे. अशा कॉलमचे डॅशबोर्डखालचे ब्रॅकेट अनेकदा सुटून येणाऱ्या कॅप्सूलवर बसवलेले असते. ते धडकेत निसटावे अशीच त्याची योजना आहे, म्हणून जाड वॉशर घालून ते जखडून टाकले की पूर्ण व्यवस्थाच निरुपयोगी होते. कॅप्सूल तुटल्या असतील, तर त्यांच्यासह चांगल्या स्थितीतील दुसरा कॉलम मिळवावा.

दुसरा कॉलम बसवण्यापूर्वी मुळात स्प्लाइन आत का जात नव्हती हे शोधा. दाते चेपलेले असतील, क्लॅम्पची फट मिटलेली असेल किंवा रॅक आपल्या जागेवरून सरकलेला असेल. क्लॅम्पची फट स्क्रूड्रायव्हरने किंचित उघडून आणि दात्यांना हलके तेल लावून स्प्लाइन हाताने सरकत नसेल, तर वर सांगितलेल्या टोकदार मापकांनी दोन्ही मध्यरेषा तपासा. त्या जुळल्यावर शाफ्ट हाताच्या दाबानेच आत जाईल.